चौथा रकाना

कुकरचा गॅस बंद केल्यावर प्रभाकर खानझोडे स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत. ओट्याशेजारी एक लोखंडी स्टूल होतं. त्यावर बसून ते कुकरकडे पाहत राहत. वाफ आपोआप उतरली की उजव्या हाताची मागची बाजू कुकरपासून दोन बोटं अंतरावर धरत, क्षणभर थांबत आणि मगच उठत. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, उन्हातून आलेली शेजाऱ्याची मोटरसायकल, सगळ्यांची तपासणी याच पद्धतीने. तळहात कधी पुढे करत नसत. मागची बाजू भाजली तरी काम चालतं, तळहात भाजला तर माणसाची पकड जाते, हे त्यांनी मला दोनतीनदा तरी सांगितलं असेल.

"बंद केलं म्हणजे आपण थांबलो," ते म्हणत. "ते थांबलं का, हे त्याले विचारा लागते."

तात्यापाऱ्यातल्या त्यांच्या घरी मी नऊ वर्षं जात-येत होतो. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथेच राहिले. खानझोडे मात्र तरुणपणी शहराबाहेर पडले. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात पाळ्या केल्या, आधी लहान अणुभट्टीवर, शेवटची काही वर्षं मोठीवर. निवृत्तीनंतर ते वडिलांच्या घरी परतले. तोवर पत्नी वारली होती. खाली ते एकटे राहत, वरच्या मजल्यावर मुलगी वर्षा आणि जावई संजय.

मी शहरातल्या एका हिंदी दैनिकात डेस्कवर आहे. आमची ओळख माझ्या चुकीतून झाली. देशातल्या दोन अणुभट्ट्यांची तुलना करणारी एक बातमी मी पानात लावली होती. एक तीन हजार मेगावॅटची, दुसरी सातशेची, म्हणजे पहिली चौपटीहून मोठी, असं शीर्षकातच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला पांढरा शर्ट, पायात चपला आणि खिशाला दोन पेनं लावलेला एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हातात कालच्या अंकाची घडी होती. हे तुम्हीच लावलं का, असं त्यांनी विचारलं. बातमी एजन्सीची आहे, मी म्हणालो.

"एजन्सीले मी कुठं शोधू? तुम्ही जवळ आहात."

मग खुर्ची ओढून त्यांनी समजावलं. अणुभट्टी आधी उष्णता तयार करते, उष्णतेची वाफ होते, वाफेची वीज. उष्णताही मेगावॅटमध्येच मोजतात आणि वीजही. साधारण तीन हिस्से उष्णतेतून एक हिस्सा वीज हाती लागते, उरलेली समुद्रात, तलावात किंवा हवेत जाते. बातमीतले तीन हजार हे उष्णतेचे होते आणि सातशे विजेचे. विजेला वीज लावली असती तर पहिली हजाराची निघाली असती, दुसरीच्या दीडपटही नाही.

"तुम्ही एकाचं धान मोजलं अन् दुसऱ्याचा तांदूळ," ते म्हणाले. रायपूरच्या माणसाला यापेक्षा सोपं सांगता येणार नाही. लगेच त्यांनी स्वतःलाच दुरुस्त केलं. धानातून निदान दोन तृतीयांश तांदूळ निघतो. इथे एक तृतीयांशच, त्यामुळे उपमा पूर्ण बरोबर नाही, हे लक्षात ठेवावं.

आम्ही आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापली. त्या दोन ओळींतही एक शून्य कमी पडलं. ते पुन्हा आले. या वेळी पेढे घेऊन. दुरुस्तीची दुरुस्ती मागायला आलेला माणूस पेढे आणतो, हे आमच्या डेस्कवर कोणी पाहिलं नव्हतं. त्यानंतर ऊर्जा, कोळसा, विजेचे दर यांतलं काही आलं की मी त्यांच्याकडे जाऊ लागलो.

ते कधी आकडा सरळ स्वीकारत नसत. मोठा म्हणजे कशाने मोठा, हा त्यांचा पहिला प्रश्न. उष्णतेने, की विजेने? वीज असेल तर केंद्राचे स्वतःचे पंप आणि पंखे चालवून उरलेली, की त्याआधीची? वर्षातले किती दिवस चाललेली? हजाराची सहा महिने बंद असेल आणि सातशेची वर्षभर चालली असेल, तर घरात दिवा कोणाचा लागला? हे सगळं ते शांतपणे, बोटावर मोजत विचारत. समोरचा गडबडला की हसत नसत. त्यांच्या घरी एकदा एक तरुण इंजिनिअर आला होता आणि फारच आत्मविश्वासाने बोलत होता. तो गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "पोट्टा हुशार आहे. त्याले अजून कशाचं भेव नाही, एवढंच."

भीतीबद्दल ते आदराने बोलत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या वरिष्ठाने त्यांना एका बंद केलेल्या अणुभट्टीच्या तापमानाच्या काट्यासमोर पूर्ण पाळीभर बसवलं होतं. दर पंधरा मिनिटांनी आकडा वहीत लिहायचा. दोन तासांनी ते कंटाळले. भट्टी तर बंद आहे, मग लिहायचं कशाला, असं त्यांनी विचारलं. वरिष्ठ चहा पीत होते. त्यांनी कप खाली न ठेवता विचारलं, "तिले माहीत आहे का?" खानझोडे हा प्रसंग वरिष्ठाच्या आवाजात सांगत. 

संजयचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपूरचं. घरात मराठी समजतं, उत्तर बहुधा हिंदीत येतं. तो शहराबाहेर, उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख होता. चाळिशीतला, कामसू, मजुरांना नावाने ओळखणारा माणूस. लोहखनिज आणि कोळसा एकत्र तापवणारी लांबलचक, आडवी, फिरती भट्टी हे त्याचं काम. चालता चालता तिच्या आतल्या भिंतीवर कडक थर जमतो. काही महिन्यांनी भट्टी बंद करून, थंड होऊ देऊन, माणसं आत शिरतात आणि तो थर फोडून काढतात.

कारखान्यात वर्षानुवर्षं एक लहान भट्टी होती. तिचा नियम सगळ्यांना पाठ होता. रविवारी बंद करायची, गुरुवारी सकाळी दाराशी नारळ फोडायचा आणि आत जायचं. त्याला सगळे चार दिन का नियम म्हणत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. जुन्या फोरमनने नव्या फोरमनला सांगितलेला होता आणि त्या नियमाने कधी कोणी भाजलं नव्हतं. वर्षभरापूर्वी शेजारी नवी भट्टी उभी राहिली, जुनीच्या तिपटीहून अधिक माल काढणारी. ती पहिल्यांदा पूर्ण बंद करून उघडायची वेळ होळीच्या आधी येणार होती, आणि पहिली टोळी आत पाठवायची जबाबदारी संजयची होती. त्या टोळीचं आणि संजयचं काय होणार, हा या घरातला प्रश्न होता. तो फक्त एका माणसाला दिसत होता, आणि त्याच्याच तोंडाला कुलूप होतं.

ते कुलूप असं लागलं. नवी भट्टी पेटवली त्या आठवड्यात संजयने कारखान्यातल्या पाचसहा जणांना जेवायला बोलावलं होतं. मीही होतो. तो उत्साहाने नव्या भट्टीबद्दल सांगत होता. खानझोड्यांनी मध्येच विचारलं की ही थंड व्हायला किती दिवस धरले आहेत. चार, संजय म्हणाला. चार कोणी ठरवले? नियम आहे, बाबा. तो नियम लहानीचा, मोठीले कोणी विचारलं? पाहुण्यांपैकी एकाने हसून म्हटलं, "संजय भैया, ससुरजी तो इन्स्पेक्शन ले रहे हैं." सगळे हसले. संजयही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

त्यानंतर सहा महिने तो खाली जेवायला आला नाही. सासऱ्याशी बोलणं जेवढ्यास तेवढं. जावयाला चारचौघांत उलटे प्रश्न विचारायचे नसतात, हे खानझोड्यांना माहीत नव्हतं असं नाही. ते संजयला कायम अहो-जाहो करत, जावईबापू म्हणत. त्या दिवशी समोर जावई आहे हे ते विसरले होते. शेवटी वर्षा खाली आली आणि रडली. यापुढे यांच्या कामातलं एक अक्षर काढायचं नाही, माझ्या गळ्याची शपथ आहे, असं तिने वडिलांकडून वदवून घेतलं. त्यांनी शपथ घेतली. संजय पुन्हा खाली येऊ लागला.

यातलं शपथेचं मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर वर्षाने सांगितलं.

त्या वर्षी लहान अणुभट्ट्यांमध्ये खासगी कारखान्यांनाही वाटा मिळेल अशी चर्चा सुरू झाली होती. उरल्याच्या पोलाद कारखानदारांच्या बैठकीतही विषय निघाला. संपादकांना एक चौकट हवी होती: लहान, मधली आणि मोठी अणुभट्टी, कोणती किती वीज देते. मी सोमवारी दुपारी तात्यापाऱ्यात गेलो.

खानझोड्यांनी कागद आडवा धरून पट्टीने रेघा मारल्या. पहिल्या रकान्यात उष्णता, दुसऱ्यात वीज, तिसऱ्यात केंद्राचा स्वतःचा वापर वजा जाता बाहेर जाणारी वीज. लहान भट्टी उष्णतेची साधारण साडेसातशे, विजेची दोनशे वीस, बाहेर जाते दोनशे. मधली एकवीसशेच्या पुढे, सातशे, आणि सहाशे तीसच्या आसपास. मोठी तीन हजार, हजार, आणि नऊशेच्या वर. माझं काम इथे संपत होतं. मी पेनाला टोपण लावलं.

त्यांनी चौथी रेघ मारली. वर लिहिलं: बंद केल्यावर.

अणुभट्टीतली अणू फुटण्याची साखळी तोडली, ती अडवणारे दांडे खाली सोडले, तरी इंधनात तयार झालेले पदार्थ उष्णता देतच राहतात. ती थांबवायचं बटण जगात कोणाकडे नाही, ते म्हणाले. फक्त पाणी फिरवत राहायचं आणि वाट पाहायची. पहिल्या क्षणी ती पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के असते. त्यांनी आकडे भरले. लहान भट्टी पन्नास मेगावॅट, मधली एकशे चाळीस, मोठी जवळपास दोनशे. त्या शेवटच्या आकड्याभोवती त्यांनी गोल काढला आणि तिथून लहान भट्टीच्या तिसऱ्या रकान्याकडे बाण ओढला. तिथेही दोनशे होते. एक उष्णता, एक वीज, हे विसरायचं नाही, त्यांनी बजावलं. पण चालती लहान जितके मेगावॅट गावाला देते, तितके मेगावॅट बंद पडलेली मोठी पोटात ठेवून असते.

खाली दुसरी ओळ: एका दिवसाने. अर्धा टक्का. लहान चारच्या आत, मधली अकरा, मोठी पंधरा.

"पंधरा मेगावॅट म्हणजे पंधरा हजार इस्त्र्या," ते म्हणाले. "एकाच खोलीत, सगळ्या चालू. अन् बाहेर पाटी काय? बंद."

मी म्हणालो की टक्का तर तिघींचा सारखाच आहे. त्यांनी मान हलवली. टक्का सारखा दिसतो म्हणूनच माणूस फसतो. कपातला चहा आणि गंजातला, मोठ्या पातेल्यातला, चहा एकाच उकळीला उतरवा. कप पाच मिनिटांत ओठाला लागतो म्हणून गंजात हात घालतो का कोणी? मग थोडं थांबून ते म्हणाले की दुसऱ्या भट्ट्यांचा, कोळशाच्या, लोखंडाच्या, हिशोब वेगळा असतो. तिथे नवी उष्णता तयार होत नाही, आतली अडकलेली असते, कोळसा धुमसत असतो. पण गंजाची गोष्ट तिथेही खरी.

मी हे टिपून घेतलं नाही. अणुभट्टीच्या चौकटीत त्याचा उपयोग नव्हता.

कागदाच्या तळाशी त्यांनी एक टीप लिहिली: लहान भट्टीने शिकवलेला थांबण्याचा काळ मोठीला लावू नये. मग दोन गोष्टी मागितल्या. चौकट बुधवारच्या अंकात यावी. आणि काही कापायचं झालं तर पहिला रकाना कापा, दुसरा कापा, पण चौथा कापू नका. बुधवारच काहून, मी त्यांच्याच शब्दात विचारलं.

"सहज, बाबू. बुधवारी लोक निवांत वाचतात."

लोक कोणत्याच वारी निवांत वाचत नाहीत हे ठाऊक असलेल्या डेस्कवरच्या माणसाला त्यांनी असं सांगावं, यातच मला काही कळायला हवं होतं. संजय आमचा अंक रोज सकाळी चहाबरोबर वाचायचा, चौकटींसकट. कारखान्यातली मोठी भट्टी आदल्या रविवारीच बंद झाली होती. नारळ गुरुवारी होता.

मंगळवारी संध्याकाळी पानावर एक जाहिरात आली आणि चौकटीची उंची दोन इंच कमी झाली. चौकट छोटी करायची होती. संपादक म्हणाले, "ये बंद वाला हिस्सा हटाओ. पाठक को चालू से मतलब है." निर्णय त्यांचा होता असं मी लिहू शकतो, पण माउस माझ्या हातात होता आणि मला तो पटलाही होता. विषय वीज किती मिळते हा होता. चौथा रकाना आणि टीप मी काढली. तीन रकाने व्यवस्थित बसले. चौकट देखणी दिसत होती.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. चौथा रकाना दिसला नाही, ते म्हणाले. मी जागेचं कारण दिलं आणि रविवारच्या पुरवणीत स्वतंत्र लेखच करू, असं सांगितलं.  त्यांच्या मागे कुठेतरी भाजीवाल्याची हाक ऐकू येत होती.

"रविवारी," ते म्हणाले. "बरं."

त्या दिवशी संध्याकाळी ते दोनदा वर गेले. वर्षाने नंतर सांगितलं. पहिल्यांदा संजय जेवत होता. ते दाराशी उभे राहिले आणि वर्षाकडे मीठ मागितलं. तासाभराने पुन्हा जिना चढले. संजय मोबाइलवर फोरमनशी उद्याच्या टोळीबद्दल बोलत होता. ते त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबले. संजयने विचारलं, "क्या हुआ बाबा, कुछ चाहिए?" त्यांनी वर्षाकडे पाहिलं. मग कॅलेंडर मागितलं, होळी कधी आहे ते पाहायला. कॅलेंडर खालीही होतं.

गुरुवारी सकाळी आठ वाजता नारळ फोडला. दाराजवळ तापमान सहन होण्यासारखं होतं. पंखे लावले होते. चार मजूर आत गेले. साडेदहाच्या सुमाराला वरचा एक मोठा थर सुटून खाली आला. थर बाहेरून काळा आणि कोमट होता. तो फुटला तेव्हा आत विस्तव होता, आणि त्याच्यामागे भिंतीजवळ धुमसत राहिलेला माल उघडा पडला. दोघे बाहेर आले. दोघे आले नाहीत. त्यांतल्या एकाला ओढून काढायला संजय आत शिरला आणि त्याने हाताला लागेल ते धरलं. जे लागलं ते तापलेलं लोखंड होतं.

बातमी माझ्याकडेच आली. वार्ताहराने फोनवर सांगितली, मी टाइप करत गेलो. मृतांची नावं, गाव, वय. जखमींच्या यादीत दुसरं नाव संजयचं होतं. मी शीर्षक लिहिलं: बंद भट्ठी में दो मजदूरों की मौत. पहिला शब्द टाइप करून माझा हात थांबला. मग मी शीर्षक पूर्ण केलं, कारण पान छपाईला सोडायचं होतं.

कारखान्याने सांगितलं की प्रस्थापित नियमाचं पालन झालं होतं. ते खरं होतं. चार दिवस पूर्ण झाले होते.

मी तात्यापाऱ्यात जायला नऊ दिवस लावले. खानझोडे खुर्चीवर बसले होते, समोर तोच आडव्या रेघांचा कागद. मी मूळ कागद परत दिला होता, हे मी विसरलो होतो. मी माफी मागायला सुरुवात केली. जागा, जाहिरात, संपादक, सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बुधवार का हवा होता ते सांगितलं, भट्टी, नारळ, शपथ. एखाद्या उपकरणाची नोंद वाचावी तसं.

मी म्हणालो की मला एका शब्दाने सांगितलं असतं तर मी पानाचा मथळा केला असता.

"तुह्यावर काहून ढकलू?" ते म्हणाले. "रकाना तू काढला. तोंड तं माह्याजवळच होतं."

मग म्हणाले की शपथ मोडली असती तर पोरगी महिनाभर बोलली नसती, जावई वर्षभर. आयुष्यभर आपण दुसऱ्यांना मोठं-लहान मोजायला शिकवलं, आणि मोजायची वेळ आली तेव्हा आपल्याला जावयाचा रुसवा मोठा दिसला. हे ते एकदाच बोलले. पुन्हा त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

संजय दवाखान्यातून घरी आला त्या दुपारी ते कागद घेऊन वर गेले आणि त्याच्यासमोर ठेवला. वर्षा दारात उभी होती. संजयने तो दोनदा वाचला, चौथ्या रकान्यापाशी आणि टिपेपाशी थांबत. त्याने विचारलं, हे कधी लिहिलं? नारळाआधीच्या सोमवारी, ते म्हणाले. संजयने पट्टी बांधलेल्या हाताच्या कोपराने कागद पालथा केला. तीन आठवडे त्या घरात कोणी कोणाशी बोललं नाही. वर्षा दोघांना ताटं वाढून नेत होती. तिने वडिलांना शपथेबद्दल काही विचारलं नाही आणि त्यांनी तिला काही सांगितलं नाही. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा दहा मिनिटांत परतलो. खाली कुकरची शिटी ऐकू यायची, मग स्टूल सरकवल्याचा आवाज.

मग एक दिवस संजय स्वतःहून खाली आला. त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती, आजही पूर्ण मिटत नाहीत. त्याने विचारलं की लहान आणि मोठी यांचा हिशोब नेमका कसा करायचा. खानझोड्यांनी नवा कागद घेतला. पुढचे काही महिने मी जेव्हा जाई तेव्हा दोघे टेबलाशी असत. संजय हिंदीत विचारत होता, ते आपल्या भंडाऱ्याकडच्या मराठीत सांगत होते. सासरे आता त्याला जावईबापू म्हणत नव्हते, संजय म्हणत होते. त्यांच्यातलं बाकी काय मिटलं आणि काय राहिलं, ते मला सांगता येणार नाही. मेलेल्या दोघांच्या गावी ते दोघे बरोबर जाऊन आले, एवढं माहीत आहे. तिथे काय झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. कारखान्यात मोठ्या भट्टीच्या दाराशी आता एक तक्ता आहे. त्यावर दिवस छापलेले नाहीत. आतल्या सहा जागांचं तापमान रोज हाताने लिहायचं असतं.

रविवारचा लेख मी कधी लिहिला नाही. त्यांनी त्याबद्दल विचारलंही नाही.

खानझोडे श्रावणात गेले, दुपारच्या झोपेत. महादेव घाटावर, शेडखाली, संजयने डाव्या हाताने अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी गोळा करायला आम्ही चौघे गेलो. चिता पूर्ण खाली बसली होती. राख पांढरी, सपाट, वर पहाटेच्या पावसाची ओल आल्यासारखी. घाटावरचा माणूस मडकं घेऊन आला. त्याने वरवर पाणी शिंपडलं आणि म्हणाला, "जुड़ा गे हे भैया, उठा लव." थंड झाली आहे, उचला.

आमच्याबरोबर आलेला वर्षाचा काका वाकला. संजयने त्याला दंडाला धरून मागे घेतलं. मग तो गुडघ्यावर बसला, डाव्या हाताची मागची बाजू राखेपासून दोन बोटं अंतरावर धरली आणि डोळे मिटले.

"अभी नहीं," तो म्हणाला.

आम्ही पायरीवर जाऊन बसलो. नदीला पूर होता. अजून किती वेळ, असं कोणी विचारलं नाही. संजय मात्र राखेजवळून उठला नाही.